घाट उतरण्याआधी: चिखलदऱ्याची एसटी आणि आयटीआयची पोरं

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग शक्यतो बसमध्ये बसून ऐका. खिडकी मिळाली असेल तर उत्तमच. नसेल मिळाली तर उभ्यानं ऐका, पण वरचा दांडा घट्ट धरा. कारण आज बोलायचंय ते त्या दांड्याबद्दलच. म्हणजे तो दांडा ज्या नट-बोल्टांवर टिकलाय, ते कोणी आवळले याबद्दल.

२०२३ चा पावसाळा आठवतो? गडचिरोलीतल्या एका एसटीचा व्हिडिओ फिरत होता. छताचा पत्रा सुटलेला, वाऱ्यावर फडफडतोय आणि गाडी धावतेय. त्यानंतर काही दिवसांनी दुसरा आला: ड्रायव्हरच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात स्टिअरिंग. आपण सगळ्यांनी ते बघितले, हसलो, फॉरवर्ड केले. आणि अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, की अहो एवढी इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, एवढे आयटीआय आहेत, एनएसएसची पोरं दरवर्षी कुठंतरी झाडलोट करायला जातातच, द्या की त्यांना या बसेस दुरुस्तीला. सेवाही होईल, शिकणंही होईल.

ऐकायला छान वाटतं. मलाही वाटायचं. पण जरा मागं जाऊन बघितलं की कळतं, विद्यार्थ्यांचे हात एसटीला लागलेलेच आहेत, आणि तेही अनेक वर्षांपासून. फक्त त्यांना आपण स्वयंसेवक म्हणत नाही. काय म्हणतो, आणि त्यानं काय फरक पडतो, तीच आजची गोष्ट.

आधी रस्ता बघू. आपल्याला जायचंय चिखलदऱ्याला.

अमरावतीहून गाडी निघते, वलगाव, आसेगाव करत परतवाड्याला येते. इथपर्यंत सपाट वऱ्हाड. कापूस, सोयाबीन, तूर, मग परतवाड्याच्या पुढं संत्र्याचे बगीचे, आणि समोर एकदम सातपुड्याची भिंत. परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास आहे. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. म्हणजे तासा-दीड तासात गाडी ७०० मीटरहून जास्त चढते. चढताना प्रश्न इंजिनाचा असतो. इंजिन दमलं तर गाडी थांबते, लोक उतरतात, दुसऱ्या गाडीची वाट बघतात, चार शिव्या देतात. विषय संपला. खरा प्रश्न परतीचा असतो.

एक साधा हिशोब करू, घाबरू नका, दहावीचंच विज्ञान आहे. भरलेली बस १४ टनांची धरा. ती ७०० मीटर खाली आली तर तिच्यातून जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण ३०० लिटर थंड पाणी उकळेल. दीड ड्रम पाणी! ही सगळी उष्णता कुठंतरी जायला हवी. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये उतरत असेल तर बरीचशी इंजिन खाऊन टाकतं. तो पायाखालच्या ब्रेकवरच उतरत राहिला, तर ती चाकातल्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते. ब्रेक तोच, पाय तोच, पण गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर नव्यांना सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हे वाक्य कुठल्या नियमावलीत असो नसो, घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं.

आता लायनर झिजलेलं असेल, ॲडजस्टमेंट केलेली नसेल, हवेच्या टाकीत पाणी साचलेलं असेल, तर हाच घाट वेगळा होतो. मेळघाटात हे घाबरवायला सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून खाली कोसळली, माणसं गेली. प्रत्येक अपघाताचं कारण यंत्रच असतं असं नाही. वळण असतं, वेग असतो, रस्ता असतो. पण या भागात एक गाडी गेली की तिच्यात कोण होतं हे दहा गावांना माहीत असतं, कारण जायला दुसरी गाडीच नसते.

या डोंगरात पहिली खरी अवजड वाहनं कोणती चढली, सांगा बरं? तोफा. डिसेंबर १८०३. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात गाविलगड घ्यायचा होता, तर कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा घेऊन डोंगरात शिरली, पुढं रस्ता करत आणि मागून तोफा ओढत. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीनं किल्ला घेतला. हाच पुढं वॉटर्लूचा वेलिंग्टन. त्यानंतर २० वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन इथं आला आणि इंग्रजांच्या कागदावर चिखलदरा थंड हवेचं ठिकाण झालं. कोरकू आणि गवळी लोक तिथं आधीपासून राहतच होते, पण 'शोध' नेहमी कॅप्टनच लावतो, काय करता.

मोटार खूप नंतर आली. एसटीच्या आधी सगळीकडं खासगी 'सर्व्हिस मोटार' असायची. गाडी भरली की निघणार, म्हणजे मालकाच्या मते भरली की. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मागं कोळशाची भट्टी बांधून त्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. दुरुस्ती कोण करायचं? ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर. क्लीनर म्हणजे बारा-पंधरा वर्षांचं पोरगं. फडका मारायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, घाटात चाकामागं दगड लावायचं, आणि बघत बघत फिटर व्हायचं. शाळा नाही, सर्टिफिकेट नाही, पगार म्हणाल तर जेवण. हा आपल्याकडचा पहिला 'विद्यार्थी मेकॅनिक'. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, हे तुम्ही दर वर्धापनदिनाला वाचता. ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीट, निळा-चंदेरी रंग. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डच्या ३० गाड्या होत्या. पण वऱ्हाडकरांनो, ही आपली एसटी नव्हे बरं. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच, आपण मध्यप्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर. इकडं प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या होत्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. त्याच सुमाराला गाड्यांचा रंगही निळ्याचा लाल झाला आणि बॉडी ॲल्युमिनियमची यायला लागली, कारण स्टीलचा पत्रा गंजायचा, कोकणात तर फारच. म्हणजे लालपरी लाल झाली ती आपण तिच्यात आल्याच्या आसपास. हा योगायोग आहे, पण मला आवडतो.

आणि त्याच वर्षी, १९६१ मध्ये, दिल्लीत एक कायदा झाला. ॲप्रेंटिसेस ॲक्ट. मराठीत शिकाऊ उमेदवार कायदा.

इथं जरा थांबतो, कारण आपली गोष्ट इथंच आहे.

आयटीआय १९५० पासून सुरू झाले होते. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, पत्राकाम, पेंटर असे ट्रेड. पोरगं दहावी होतं, एक-दोन वर्षं आयटीआय करतं, तिथं स्टँडवर लावलेलं एक इंजिन पन्नास वेळा उघडून पन्नास वेळा बसवतं. पण ते इंजिन कधी घाट चढत नाही! चालती गाडी शिकायची तर चालत्या गाड्यांच्या ठिकाणी जावं लागतं. कायद्यानं मोठ्या आस्थापनांना सांगितलं, तुमच्याकडं अमुक इतके शिकाऊ उमेदवार घ्यायचेच. त्यांना विद्यावेतन द्यायचं, शिकवायचं, शेवटी परीक्षा.

महाराष्ट्रात खेड्यापाड्यातल्या पोराला चालत्या गाड्यांचा मोठा कारखाना म्हणजे कोण? एसटी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथं मध्यवर्ती कार्यशाळा, प्रत्येक विभागाची विभागीय कार्यशाळा, आणि खाली आगारं. तेव्हापासून आयटीआय झालेली पोरं आगाराच्या खड्ड्यात उतरतात. खड्डा म्हणजे तो लांबट पिट, ज्यावर बस उभी करतात आणि खाली उभं राहून काम करतात. पावसाळ्यात वरून चिखल ठिबकतो, उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल. पाटे सुटलेत का बघ, लायनर किती राहिलं बघ, टाकीचं पाणी सोड, ग्रीस मार. रात्री शेवटची गाडी मुक्कामाला गेली, पहाटे पहिली निघाली, त्यामधल्या वेळात हे सगळं चालतं आणि आपण तेव्हा झोपलेले असतो.

म्हणजे तुम्ही चढता ती गाडी एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाताखालून गेलेली असू शकते. घाबरलात? घाबरायचं कारण नाही, त्याच्या शेजारी एक जुना मेकॅनिक उभा असतो. पोरगं नट आवळतं, जुना माणूस पान्यावर हात ठेवून एकदा बघतो आणि मग कागदावर सही करतो. सही पोराची नसते, आणि ते फार महत्त्वाचं आहे. ब्रेकचं काम ज्यानं पास केलं त्याला उद्या विचारता आलं पाहिजे.

आता या पोराचं स्थान काय? कायदा म्हणतो, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. शिकून झाल्यावर नोकरी द्यायलाच हवी असंही मालकावर बंधन नाही, करारात तसं लिहिलेलं नसेल तर. आणि इथं दुखतं. वर्षभर काळे हात घेऊन घरी जायचं, आईला वाटतं पोरगं एसटीत लागलं, गावातले विचारतात 'काय जी, परमनंट कधी होणार?', आणि वर्ष संपलं की हातात प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी नवी बॅच.

हे भांडण एकदा थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं, आणि तेही एसटीसारख्याच एका महामंडळाचं. उत्तर प्रदेश परिवहन निगम. तिथं शिकाऊ म्हणून राहिलेल्या बेरोजगार तरुणांच्या संघटनेनं म्हटलं, आम्हाला तुम्हीच शिकवलं, मग भरती करताना आम्हालाच दार बंद का? १९९५ मध्ये निकाल लागला. कोर्टानं नोकरीचा हक्क आपोआप दिला नाही. पण सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरून थेट येणाऱ्यापेक्षा शिकलेल्या उमेदवाराला प्राधान्य द्या, त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधूनच नाव यायला हवं अशी अट घालू नका, आणि जे आधी शिकले त्यांना नंतरच्यांपेक्षा वरचं माना. आजही भरतीच्या वेळी पोरं या निकालाचा आधार घेतात. बसच्या खड्ड्यातून निघालेलं प्रकरण देशभराच्या शिकाऊ उमेदवारांसाठी नियम होऊन बसलं. मला तर वाटतं आयटीआयच्या भिंतीवर महापुरुषांच्या फोटोशेजारी हा निकाल लावायला हवा.

बरं, आता स्वयंसेवकांकडं येऊ.

विद्यार्थी आणि बस हा विषय निघाला की जगात एक गोष्ट हमखास आठवतात. मे १९२६, इंग्लंड. खाणकामगारांच्या बाजूनं देशभर संप, बसेस-ट्राम-रेल्वे बंद. सरकारनं स्वयंसेवक बोलावले आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची पोरं हौसेनं लंडनच्या बस चालवायला आली. शेजारी पोलीस बसवलेला, इंजिन कोणी बिघडवू नये म्हणून बॉनेटला काटेरी तार. फुटलेल्या काचांच्या जागी फळ्या, आणि फळ्यांवर खडूनं लिहिलेले विनोद. पोरांसाठी ती नऊ दिवसांची धमाल होती. ज्यांच्या जागेवर ती बसली होती त्यांच्यासाठी नव्हती. सेवा म्हणून केलेलं काम दुसऱ्याच्या पोटावर कधी येतं हे सेवा करणाऱ्याला नेहमी कळतंच असं नाही.

आपल्याकडं हा प्रश्न परका नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. गाड्या आगारात उभ्या. जी गाडी महिनोन्महिने जागेवरून हलत नाही ती नीट राहते असं समजू नका. बॅटरी उतरते, टायरवर एकाच जागी भार पडतो, रबरं कडक होतात. चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त बिघडते. अशा वेळी 'कॉलेजच्या पोरांना बोलवा' म्हणणं सोपं असतं. पण आत कामावर नसलेला मेकॅनिक आणि बाहेर फुकट काम करणारा विद्यार्थी, यांना समोरासमोर उभं करायचं का, हे आधी ठरवायला हवं. माझं मत विचाराल तर नाही.

मग एनएसएसनं काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं? मुळीच नाही. वऱ्हाडात तरी हे कोणी म्हणू नये. अमरावतीहून निघालेली आपली बस वलगावला पेढी नदी ओलांडते ना, तिथंच २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले, प्रवासात, गाडीतच. गावात शिरलं की आधी झाडू हातात घेणारा माणूस. लोक कीर्तनाला जमायच्या आत गाव झाडून व्हायचं. १९८३ मध्ये सुरू झालेलं अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं आहे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची इकडची पोरं त्याच विद्यापीठाची. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९७३ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत असताना, तिच्या शिबिरांचा विषयच दुष्काळाशी लढा हा होता. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर, हा तिचा ठोकताळा. तुमच्यापैकी कित्येकांनी केलं असेल. कित्येकांनी फक्त हजेरी लावली असेल, तेही मला माहीत आहे.

गाडगेबाबांची गंमत ही, की ते दुसऱ्याचं काम हिसकावून घेत नसत. जे काम कोणीच आपलं मानत नव्हतं ते उचलायचे. बसमध्येही असं काम असतं. ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, टायर, वायरिंग यांना हात लावायचा नाही; ते शिकलेल्या माणसाचं आणि सही करणाऱ्याचं. ज्या पोरांचा ट्रेडच तो आहे त्यांनी शिकाऊ उमेदवार म्हणून रीतसर जावं, विद्यावेतन घेऊन, फुकट नाही. पण आपत्कालीन दार खरंच उघडतं का? की बाहेरून रंग देऊन देऊन चिकटलंय? त्याच्यासमोर सीट किंवा बोचकी आहेत का? अग्निशामक नळकांडं जागेवर आहे का, त्याची तारीख काय? प्रथमोपचार पेटीत काही आहे की नुसती पेटी? कुठल्या सीटचा बोल्ट गेलाय, कुठला दांडा हलतो, कुठल्या खिडकीची काच तडकलीय, पायरीचा पत्रा कुठं वर आलाय, मागचे रिफ्लेक्टर धुळीखाली गेलेत का? हे बघायला डिप्लोमा लागत नाही, डोळे लागतात. एका पथकानं आगारप्रमुखांची परवानगी घेऊन उभ्या गाड्यांची अशी पाहणी केली आणि गाडीच्या नंबरासह यादी दिली, तर त्या कागदाला किंमत असते. ड्रायव्हर लॉगशीटवर तक्रार लिहितोच, पण त्याची तक्रार पुढून असते, इंजिन, क्लच, ब्रेक. मागच्या सीटवरची तक्रार लिहिणारं कोणी नसतं.

पुसायचं काम तर आहेच. हसू नका. घाटात धुकं उतरलेलं असताना पुढची काच आणि मागचे दिवे स्वच्छ असणं ही सुरक्षाच आहे. जुलै-ऑगस्टात चिखलदऱ्याला गेला असाल तर माहीत असेल, दहा फुटांवरचं दिसत नाही.

एक शेवटचं. या रस्त्यावर सगळ्यात जास्त कोण अवलंबून आहे? पर्यटक नाहीत, त्यांच्या कार असतात. मानव विकासच्या निळ्या बसेस तुम्ही बघितल्या असतील, मागास १२५ तालुक्यांत गावातल्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी काढलेल्या. आपले धारणी आणि चिखलदरा त्यात आहेत. ती बस एक दिवस ब्रेकडाऊन झाली तर त्या दिवशी शाळा बुडते. चार दिवस झाली तर बाप म्हणतो, राहू दे आता, घरीच बस. मुलीचं शिक्षण सुटण्याचं कारण म्हणून आपण गरिबी लिहितो, लग्न लिहितो. फॅन बेल्ट कोणी लिहीत नाही.

आणि त्या गाडीचा फॅन बेल्ट पहाटे कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली बदलणारं जे पोरगं असतं, तेही बहुधा अशाच एखाद्या गावातून अशाच एखाद्या बसनं पास काढून आयटीआयला गेलेलं असतं.

आज पिशवीत आणखी बरंच होतं, अचलपूर-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचं, पण ती एवढ्यात उरकायची बाई नाही. तिला अख्खा भाग देऊ. तोवर तुमच्या गावच्या गाडीत चढलात की आपत्कालीन दार कुठं आहे तेवढं बघून ठेवा, आणि त्याच्यासमोर काय ठेवलंय ते मला कळवा. फोटो चालेल. गाडीचा नंबर दिसू द्या, माणसांचे चेहरे नको.

चला, परतवाडा आलं. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या.